लीलादेवीचा मुलगा: चाणज्याचा शिलालेख काय सांगतो?

आज जासईहून उरणच्या दिशेने निघूया. वाटेत कंटेनरच्या रांगा लागतील, त्या जाऊ द्या. आपल्याला जायचंय चाणजे गावात, तेही इसवी सन ११३८ मध्ये.

तेव्हा इथे उत्तर कोकणचे शिलाहार राज्य करत होते. मुळात हे मांडलिक. राष्ट्रकूटांच्या कृपेने त्यांना कोकण मिळालं, हे कान्हेरीच्या लेण्यांतले लेखच सांगतात. म्हणून राजा असूनही त्यांची पदवी ‘महामंडलेश्वर’, म्हणजे मोठा सरदार म्हणा ना!

घराण्यात भाऊबंदकी जबरदस्त. अनंतदेवाच्या १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात लिहिलंय, की नातलगांच्या भांडणात शत्रूंनी कोकण उजाड केलं आणि त्याने ते परत सावरलं. त्याचा मुलगा अपरादित्य. याच्याही वाट्याला तेच! ११२७ च्या वडवली ताम्रपटानुसार राज्य बुडालं होतं, तेव्हा हा एकटा घोड्यावर बसून लढायला निघाला. ताम्रपटात थोडी स्तुती असणारच, पण संकट खरं होतं.

पुढे याच अपरादित्याने तेजकंठ नावाचा दूत थेट काश्मीरच्या पंडितांच्या सभेत पाठवला. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘अपरार्क’ टीकाही त्याच्याच नावावर आहे. तलवार आणि पोथी, दोन्ही!

आता चाणज्याचा लेख. शके १०६०. त्यात लढाई नाही. अपरादित्याने आई लीलादेवीच्या पुण्यासाठी ‘नागुम’ गावातलं एक शेत दान दिलं, एवढीच नोंद. नागुम म्हणजे आपलं नागाव. चाणज्यातली एक बागही दान दिल्याचं त्यात आहे. प्राचीन चीनमध्ये झोऊ राजांचे सरदार आईवडिलांच्या नावाने काशाची भांडी ओतून घ्यायचे, त्यावर मजकूर कोरायचे. आपल्याकडे दगड आणि शेत.

१२६५ च्या सुमारास यादवांनी शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याला समुद्रात हरवलं. राज्य संपलं. पण लीलादेवीचं नाव टिकलं, कारण ते जमिनीच्या कागदावर, म्हणजे दगडावर होतं!

जमिनीचं मोल जासईकरांना वेगळं सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये याच भागातल्या शेतकऱ्यांनी त्यासाठी जीव दिलाय. म्हणून एक विनंती. शेताच्या बांधावर, देवळामागे अक्षरं कोरलेला किंवा चंद्र-सूर्य असलेला दगड दिसला, तर शेंदूर लावू नका, पायरीला वापरू नका. फोटो काढा, पुरातत्त्व विभागाला कळवा. काय सांगावं, त्यावर कुणाच्या तरी आईचं नाव असेल.

भेटूया पुढच्या भागात!