चेंडू, तेल आणि बरोबरीचा खेळ

मंडळाच्या बोलिंगच्या संध्याकाळी एक प्रश्न हमखास निघतो. शेजारच्या लेनवरच्या पोराचा चेंडू शेवटी झोकात वळतो, मग आमचाच का नाकासमोर जातो? आम्ही रसायनशास्त्राचे, म्हणून प्रश्न आमच्याकडे येतो. उत्तर थोडे मनगटात आहे, बरेचसे रसायनात.

क्रिकेटमध्ये खेळपट्टी पाहून गोलंदाज निवडतात. इथे खेळपट्टी म्हणजे लेन. रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब, आणि तिच्यावर डोळ्यांना सहसा न दिसणारा तेलाचा थर. घर्षणापासून लाकूड जपावे म्हणून हे तेल आले, पण खेळाचे अर्धे गणित त्यानेच ठरवले. सर्वसाधारण लेनवर तेल मधल्या पट्ट्यात जास्त, कडांना कमी आणि शेवटी जवळजवळ नसतेच. त्यामुळे चेंडू आधी घसरतो, मग कोरड्या भागात पकड मिळून वळतो आणि शेवटी नीट गडगडत पिनांवर जातो.

पकड किती मिळेल हे चेंडूच्या सालीवर अवलंबून. पूर्वी चेंडू लिग्नम व्हिटी या जड, टणक लाकडाचे असत. १९०५ मध्ये रबराचा चेंडू आला, पुढे १९६०च्या दशकात पॉलिएस्टरचा. खरी गंमत झाली १९७३ मध्ये. डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने प्लास्टिकचे चेंडू मिथाइल इथाइल कीटोनमध्ये भिजवले. या द्रावकाने साल मऊ झाली, पकड वाढली आणि त्या वर्षी त्याने सहा स्पर्धा जिंकल्या. मग संघटनांनी कडकपणाची किमान मर्यादा घातली. अमेरिकन बोलिंग काँग्रेसची मर्यादा ड्युरोमीटरवर ७२ होती. (घरी कोणी हा प्रयोग करू नये. त्या द्रावकाची वाफ पटकन पेट घेते!)

१९८०च्या दशकात पॉलियुरेथेन आले, १९९०च्या दशकाच्या आरंभी रिअॅक्टिव्ह रेझिन. या सालीला बारीक छिद्रे असतात, ती लेनवरचे तेल शोषतात. म्हणून पकड जबरदस्त, पण पोटात तेल मुरले की चेंडू मंदावतो.

तरीही सर्वांत महाग चेंडू सर्वांना लाभतोच असे नाही. जोरात पण कमी फिरकीने टाकणाऱ्याला घासून खरखरीत केलेली साल हवी, नाहीतर चेंडू वळायच्या आत पिनांपाशी पोचतो. सावकाश आणि भरपूर फिरवणाऱ्याला तोच चेंडू फार लवकर वळून दगा देतो. त्याने चकचकीत घ्यावा. शिवाय प्रत्येक चेंडूगणिक लेनवरचे तेल सरकते, म्हणून पहिल्या डावातली जागा तिसऱ्या डावात चालेलच असे नाही.

आता जरा वेगळी गोष्ट. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या याच काँग्रेसने खेळ सर्वांना सारखा असावा म्हणून लेन, पिना, चेंडू यांची मापे ठरवली. पण सभासदत्व १९५० पर्यंत फक्त गोऱ्या पुरुषांना! चेंडूचा कडकपणा मोजणाऱ्यांच्या आधी माणसाचा रंग मोजला जात होता. कृष्णवर्णीयांनी १९३९ मध्ये डेट्रॉइटला आपली वेगळी संघटना काढली. त्यांच्याबरोबर जपानी वंशाच्या अमेरिकनांनी आणि कामगार संघटनांनी लढा दिला, तेव्हा ते कलम गेले. आपली मुले शाळेच्या मित्रांबरोबर निर्धास्तपणे लेनवर उभी राहतात, त्यामागे आपल्याआधी आलेल्यांचे हे कष्ट आहेत. मुलांना हे जरूर सांगावे.

असो. तिथल्या रॅकवरचा चेंडू बहुधा कडक प्लास्टिकचा असतो. तो सरळच जायचा. म्हणून पुढच्या वेळी मनगटाला दोष देऊ नका आणि शेजाऱ्याची नक्कलही करू नका. सरळ चेंडूचा सरळ नेम धरा. उरलेली एकच पिन पाडायची असली की मुरलेले खेळाडूसुद्धा हाच चेंडू हातात घेतात.