काटा, तबकडी आणि मूळ प्रत

१२ फेब्रुवारी १९५७ रोजी कॉव्हेंट्री येथील जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या डी-टाइप मोटारीची रस्त्यावर चालवण्याजोगी आवृत्ती, म्हणजे 'एक्सकेएसएस', तेव्हा तेथे तयार होत होती. योजलेल्या पंचवीस गाड्यांपैकी नऊ गाड्या त्या आगीत गेल्या, सोळा उरल्या. पुढे २०१६ मध्ये खुद्द जॅग्वारनेच जाहीर केले की त्या नऊ गाड्या आपण नव्याने बांधणार, आणि त्या १९५७ च्याच घडणीच्या असतील. इंधनाच्या टाकीसाठी आधुनिक साहित्य वापरल्याचे कंपनीने मोकळेपणाने सांगितले. परंतु डॅशबोर्डवरच्या स्मिथ्स तबकड्या मात्र मूळच्या तंतोतंत असतील, असा तिचा आग्रह होता. टाकी बदलली तरी चालते, तबकडी बदललेली चालत नाही, असे का व्हावे?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष गेले ते साहित्याचे अभ्यासक या नात्याने. संहितेचा मूळ पाठ कोणता, हा वाद आपल्याला परिचित आहे; महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात पुण्याच्या भांडारकर संस्थेची जवळजवळ अर्धशतकाची मेहनत खर्ची पडली. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीची प्रतिकृती बांधणारा माणूस नकळत असाच पाठचिकित्सक होतो. मात्र त्याच्यापुढे एक जास्तीची अडचण असते. त्याची तबकडी नुसती दिसून भागत नाही; तिला खरेही बोलावे लागते.

तबकडीचा वंश घड्याळजीचा आहे. सॅम्युअल स्मिथ यांनी १८५१ मध्ये लंडनमध्ये घड्याळांचे दुकान काढले, आणि त्याच घराण्याचा उद्योग विसाव्या शतकात ब्रिटिश मोटारींचा मुख्य तबकडीकार झाला. पॅरिसचे एडमंड येगर हेही घड्याळांतूनच इकडे आले. त्यांच्या लंडनमधील शाखेवर पुढे स्मिथ्सचाच ताबा आला. त्यामुळे एका गाडीवर 'येगर' आणि दुसरीवर 'स्मिथ्स' असे नाव दिसले तरी दोहोंमागचे हात पुष्कळदा एकच असत. गोल चेहरा, काळ्यावर पांढरे आकडे, निमुळता काटा, भोवती चकचकीत कडे आणि फुगीर काच ही सारी घड्याळाची भाषा आहे, आणि सुरुवातीच्या वेगमापकांत ती केवळ बाह्यरूपापुरती नव्हती. 'क्रोनोमेट्रिक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांच्या पोटात खरोखरच घड्याळाची यंत्रणा होती. ठरावीक क्षणभरात केबलचे किती फेरे झाले ते ती मोजी, काटा त्या आकड्यावर नेऊन ठेवी आणि पुन्हा मोजू लागे. म्हणून तो काटा सरकत नसे, टप्प्याटप्प्याने उडी घेई. त्याआधीच, १९०२ मध्ये, ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने दुसरी युक्ती शोधली होती. केबलच्या टोकाशी चुंबक फिरतो, त्याच्या भोवतीच्या धातूच्या वाटीत प्रवाह उपजतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाऊ पाहते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा थांबतो. ही रचना स्वस्त आणि साधी असल्याने अखेर तीच टिकली.

आता कोब्राचे उदाहरण घेऊ, कारण जगात सर्वाधिक प्रतिकृती ज्या मोटारींच्या झाल्या त्यांत तिचे नाव अग्रभागी आहे. टेम्स डिटन येथील एसी कंपनीची 'एस' ही हलकी गाडी आणि अमेरिकन फोर्डचे व्ही-८ इंजिन यांचा कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये संयोग घडवला. मूळ कोब्रा साऱ्या मिळून हजाराच्या आसपास. प्रतिकृती त्याच्या कित्येक पट. परंतु 'मूळ कोब्राची तबकडी' असे म्हणताच पाठभेद सुरू होतात. आरंभीच्या गाड्यांत इंग्लंडहून आलेली लुकासची विद्युतसामग्री आणि स्मिथ्सच्या तबकड्या होत्या. पुढे अमेरिकेत फोर्डची विद्युतसामग्री बसू लागली तेव्हा शिकागोच्या स्टुअर्ट-वॉर्नरच्या तबकड्या आल्या. काही कोब्रांमध्ये तर स्मिथ्सचा वेगमापक उलटा फिरे, म्हणजे वेग वाढताना काटा घड्याळाच्या विरुद्ध दिशेने जाई. हा विक्षेप आज इतका प्रतिष्ठित झाला आहे की नव्या बनावटीचे उलटे वेगमापक खास प्रतिकृतींसाठी विकले जातात. जी गोष्ट मूळ चालकाला गैरसोयीची वाटली असेल, ती आता अस्सलपणाची खूण ठरते. पाठचिकित्सेतही अवघड पाठ अधिक जुना मानण्याचा संकेत आहेच!

याच्या उलट प्रकारही आढळतो. पुष्कळ प्रतिकृतींत लाकडी डॅशबोर्डवर हस्तिदंती रंगाच्या तबकड्या बसवलेल्या दिसतात. कोब्राच्या तबकड्या काळ्या होत्या आणि डॅशबोर्डही काळ्या आवरणाचा होता. मूळ गाडीत जे कधीच नव्हते त्याचीच आठवण काढण्याचा हा प्रकार आम्हाला ऐतिहासिक कादंबरीतल्या भरजरी दरबारासारखा वाटतो.

दिसण्याचा प्रश्न येथवर. खऱ्या बोलण्याचा प्रश्न तबकडीच्या तळाशी असलेल्या एका बारीक आकड्यापासून सुरू होतो. स्मिथ्सच्या वेगमापकावर, सहज लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, ११८४ यासारखी एखादी संख्या छापलेली असते. तिचा अर्थ असा की केबलचे ११८४ फेरे झाले म्हणजे ही तबकडी एक मैल मानते. समजा चाकाचा एक फेरा दोन मीटरचा आहे. मैल १६०९ मीटरचा, म्हणजे चाक मैलात सुमारे ८०५ वेळा फिरेल. मागच्या आसाचे गुणोत्तर ३.५४ असेल तर गिअरबॉक्समधून निघणारा दांडा सुमारे २८५० वेळा फिरेल. त्याचे ११८४ करण्याचे काम गिअरबॉक्समधील लहान दंतचक्रांचे. यांतील टायर, आस, दंतचक्र यांपैकी एक जरी बदलले तरी तबकडी खोटे बोलू लागते. दुसऱ्याच गाडीतली, १००० आकड्याची देखणी तबकडी मिळाली आणि ती येथे लावली, तर ताशी ६० मैलांना ती ७१ दाखवील. टायर मोठे घातले तर चूक उलट्या बाजूला जाते, आणि ती अधिक वाईट, कारण काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील ३९ वा नियम या बाबतीत एकतर्फी कठोर आहे. दाखवलेला वेग खऱ्या वेगाहून कधीही कमी असता कामा नये. जास्त असला तर तो खऱ्या वेगाच्या एक दशांशाहून ताशी ४ किलोमीटर इतकाच अधिक चालेल.

इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या तबकडीची कथा थोडक्यात सांगता येईल. साठीच्या दशकातील स्मिथ्सच्या एका प्रकारात इग्निशनची तार तबकडीच्या पाठीमागून वेढा घेऊन जाई आणि तिच्यातील प्रवाहाचे ठोके मोजले जात. आजचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले की हे ठोके तिला ओळखता येत नाहीत. काटा एकतर निपचित पडतो नाहीतर वेड्यासारखा उडतो. अशा वेळी जुन्या कवचात नवे इलेक्ट्रॉनिक हृदय बसवावे लागते. आमच्या मते यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पेट्रोलच्या काट्यात मात्र खरी फजिती होते. टाकीतला तरंगता खटका विद्युतरोध बदलतो आणि तबकडी तो रोध वाचते. परंतु प्रत्येक घराण्याचे व्याकरण निराळे. जर्मन व्हीडीओच्या पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८०. अमेरिकेत रूढ झालेल्या एका पद्धतीत रिकामी टाकी २४० ओहम आणि भरलेली ३३. टाकी एका पद्धतीची आणि तबकडी दुसरीची असेल तर टाकी भरताना काटा शून्याकडे उतरतो. अशी तबकडी बिघडलेली नसते. ती परभाषेतील वाक्य आपल्या व्याकरणाने वाचत असते.

सर्वांत मोलाची तबकडी आम्ही तेलाच्या दाबाची मानतो. जुन्या रचनेत इंजिनातले तेलच बारीक तांब्याच्या नळीतून तबकडीपर्यंत येई, आणि तेथील वाकवलेली चपटी नळी दाबाने उलगडू पाही. ही नळी फ्रेंच अभियंता युजीन बुर्दाँ यांची, १८४९ मधली. वाफेच्या इंजिनांसाठी शोधलेली. या काट्याला विजेची गरज नाही, आणि क्षणाचाही विलंब नाही. परंतु नळी फुटली तर गरम तेल चालकाच्या पायांवर येते. म्हणून अनेकजण विजेवर चालणारी तबकडी पसंत करतात. साठीच्या दशकातील स्मिथ्सच्या दुधातू पट्टीच्या विद्युत तबकड्यांना १० व्होल्टचा स्थिर पुरवठा लागे आणि त्यांचा काटा आळशी असे. पेट्रोलसाठी तो आळस गुणच होता, वळणावर हिंदकळणाऱ्या टाकीमुळे काटा नाचत नसे. तेलाच्या दाबासाठी तोच आळस घातक ठरतो. बेअरिंग जळायला लागणारा वेळ आणि काट्याला खाली यायला लागणारा वेळ यांची ही शर्यत असते. येथे आम्ही जुन्या नळीच्या बाजूने आहोत. मात्र ती वेणीदार आवरणाची, नवी असावी.

अँपिअर मोजणारा काटा जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या घरावर आपल्याकडे अनेकांनी पाहिला आहे. गाडीचा जवळजवळ सारा प्रवाह त्याच्यातून वाहतो. जुना डायनॅमो ३० अँपिअरच्या आतबाहेर होता तेव्हा ते ठीक होते. आजचा अल्टरनेटर त्याच्या दुप्पट प्रवाह सहज देतो, आणि त्या तारा तापून डॅशबोर्डच्या आड आग लागू शकते. तेथे व्होल्टमापक लावावा आणि अस्सलपणाचा हट्ट सोडावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. एक्सकेएसएसच्या टाकीबाबत जॅग्वारने जे केले, तेच हे.

स्मिथ्सच्या नावाने जुन्या धर्तीच्या तबकड्या पुढे वेल्समधील केअरबाँट या कंपनीने बनवल्या, त्यामुळे नवी तबकडी घेणाऱ्याला चेहऱ्यावर तेच नाव मिळाले. तरीही कित्येकजण जुन्या बाजारातून, मोडीत गेलेल्या गाडीचीच तबकडी शोधून आणतात. तिच्या खिडकीत मैलांचे आकडे असतात, दुसऱ्याच कुणीतरी कापलेल्या मैलांचे. कारागीर ती उघडतो, स्प्रिंग तपासतो, चुंबक पुन्हा जोमदार करतो, आणि काच बसवण्यापूर्वी मालकाला विचारतो की हे आकडे शून्यावर आणायचे की असू द्यायचे. बरेचजण शून्य सांगतात; काहीजण थोडा वेळ घेऊन म्हणतात, असू द्या.