घराण्याच्या इतिहासातली दुखणी

खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडला की नीरेचं खोरं मागे पडतं आणि कृष्णेचं लागतं. याच खोऱ्यात खाली मिरज. मिरजेच्या गाण्याचं श्रेय आपण संस्थानिकांना आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांना देतो, आणि ते रास्तच आहे. पण ग्वाल्हेरची गायकी या गावात रुजली त्यामागे माणसांची दुखणीही होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना दमा होता. मुंबईची हवा सोसेना म्हणून ते मिरजेला आले. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे (जन्म १८७२) डोळे लहानपणी फटाक्याने भाजले. मिरजेत डॉ. भडभड्यांनी उपचार केले, पण नजर पुरती परतली नाही. तेव्हा या मुलाला गाणं शिकवावं, असं डॉक्टरांनीच सुचवलं. दमेकरी गुरू आणि अधू डोळ्यांचा शिष्य, अशी ती तालीम. याच शिष्याने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं कागदावर उतरवण्याची स्वरलेखन पद्धती बसवली. राजाश्रय होता म्हणून हे घडलं, असं कोणी म्हणेल. पण राजाश्रय आसपासच्या इतर संस्थानांतही होता. गवई गावात का टिकला ते त्यावरून कळतं. तो मुळात तिथे का आला, हे त्यावरून कळत नाही.

पलुसकरांचे शिष्य मिरजेचेच बी. आर. देवधर, आणि देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व. कुमारांना क्षय झाला आणि १९४८ मध्ये ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले. गाण्याला डॉक्टरांची सक्त मनाई. पुढची काही वर्षं अंथरुणात गेली. संसाराचा आणि शुश्रूषेचा भार पत्नी भानुमतींनी उचलला. पडल्या पडल्या कानांवर येणारी माळव्याची लोकगीतं कुमार टिपत राहिले आणि त्यांतून त्यांचे धुनउगम राग निघाले. राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, पु. ल. देशपांडे अशा मित्रांचा गोतावळा त्यांना लाभला. एक फुप्फुस निकामी झालं म्हणून त्यांची गायकी तुटक, छोट्या आवर्तनांची झाली, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. दम कमी पडला तर तान आखूड होईल. मालवती किंवा लगनगंधार कमी दमातून निघत नाही. तो ऐकण्याचा आणि विचाराचा भाग आहे, आणि त्यासाठी लागणारी उसंत कोणीतरी घर चालवून दिली होती.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. माया आणि मैत्री क्षय बरा करत नाहीत. राम गणेश गडकऱ्यांना मित्रांची वाण नव्हती, तरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ते गेले. ‘भावबंधन’ त्यांनी अखेरच्या दुखण्यात पुरं केलं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ मध्ये, आणि कुमार पुन्हा मैफलीत बसू शकले ते या औषधामुळे. हे मान्यच केलं पाहिजे. पण औषधाने आयुष्य परत दिलं तेव्हा गाणं जागेवर होतं, कारण मधल्या वर्षांत ते विझू दिलं गेलं नव्हतं. १९६५ मध्ये कुमारांच्या बंदिशींचा संग्रह ‘अनूपरागविलास’ आला. आपल्याकडे घराण्याची वंशावळ गुरू आणि शिष्य यांच्याच नावांनी लिहितात. बाळकृष्णबुवा, पलुसकर, देवधर, कुमार या ओळीत डॉ. भडभडे आणि भानुमती यांचीही नावं यायला हवीत.