२० सप्टेंबर १९१३ : हौशी पोराने जिंकलेली अमेरिकन ओपन

अमेरिकेची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा १८९५ मध्ये न्यूपोर्टला सुरू झाली, पण सामान्य माणसाला ती आपली वाटली ती या दिवसामुळे. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला २० वर्षांच्या फ्रान्सिस विमेटने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या कसलेल्या ब्रिटिश व्यावसायिकांना हरवले. आधीच्या फेऱ्यांनंतर तिघेही ३०४ फटक्यांवर बरोबरीत होते. ओल्या मैदानावरच्या निर्णायक फेरीत विमेटने ७२, व्हार्डनने ७७, रेने ७८ फटके घेतले. विमेटचे घर मैदानासमोरच. लहानपणी तो इथेच कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा मदतनीस, होता. त्याचा स्वतःचा कॅडी एडी लॉवरी अवघा १० वर्षांचा. मोठा कुणी घे, असा सल्ला मिळूनही विमेटने एडीला सोडले नाही, हे विशेष! अमेरिकन ओपन जिंकणारा विमेट पहिला हौशी खेळाडू ठरला.