कंबर चोळणारे हात



आपल्याकडे कंबर नुसती दुखत नाही. ती धरते, लचकते, तिच्यात चमक येते, उसण भरते. मंदिराच्या ओसरीवर चार जणी टेकल्या की यांतला एखादा शब्द निघाल्याशिवाय राहत नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज एका मोठ्या पाहणीत निघाला, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. गोळ्या, मलम, पट्टे यांवर आपण पुष्कळ बोलतो. आज मला मालीशचा थोडा इतिहास सांगायचाय. त्यातही चोळून घेणाऱ्यांपेक्षा चोळणाऱ्यांचा जास्त.

सुरुवात पायाळूपासून करते. पायाकडून जन्मलेल्या माणसाने उसण भरलेल्या कंबरेला पाय लावला की उसण जाते, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. गावात पायाळू कोण आहे हे सगळ्यांना माहीत असायचं आणि वेळीअवेळी त्याला बोलावणं जायचं. मी याला आपल्याच मातीतली समजूत मानत होते. पण वॉल्टर ग्रेगर नावाच्या पाद्र्याने १८८१ साली स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या लोकसमजुतींचं पुस्तक छापलं, त्यात हीच गोष्ट आहे. पायाकडून जन्मलेल्याच्या अंगी लचक, कंबरदुखी आणि संधिवात बरे करण्याची शक्ती असते, ती मुख्यतः त्याच्या पायांत असते, आणि त्याने दुखऱ्या जागी चोळावं किंवा तुडवावं! कुठे आपली कृष्णाकाठची गावं आणि कुठे ते थंडगार स्कॉटलंड. याचं कारण मला तरी साधं वाटतं. अचानक धरलेली कंबर बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप सैल होते. तेवढ्या काळात जो कुणी हात किंवा पाय लावेल, श्रेय त्याचं.

राजवाड्यातली तऱ्हा मात्र निराळी होती. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात सिद्धार्थ राजाच्या सकाळचं वर्णन आहे. राजा व्यायामशाळेत जातो, थकेपर्यंत कसरत करतो आणि मग त्याला शंभर वेळा आणि हजार वेळा पाक दिलेल्या तेलांनी चोळतात. चोळणाऱ्यांचे तळहात-तळपाय मऊ आहेत, मर्दन करण्याच्या आणि अंग ताणण्याच्या विद्येत ते तरबेज आहेत, ते थकत नाहीत. हाडं, मांस, त्वचा आणि केस या चारही ठिकाणी सुख पोचवणारं मालीश, असं तिथे म्हटलंय. विशेषणांची एवढी मोठी माळ, पण त्यांतल्या एकाचंही नाव नाही.

याच राजाच्या मुलाने, म्हणजे भगवान महावीरांनी, पुढे तेल आणि चोळणं दोन्ही सोडलं. आचारांगात त्यांनी सोडलेल्या गोष्टींमध्ये स्नानाबरोबर अंगाला तेल लावणं आणि अंग चेपून घेणंही येतं. साधूने शरीराचे लाड करायचे नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्य कशाला म्हणायचं हे सांगताना संयमी जनांचे पाय चेपणं स्पष्ट नाव घेऊन घातलंय. म्हणजे घेणाऱ्याने त्याची इच्छा धरायची नाही, पण करणाऱ्याला ती सेवा आहे. चातुर्मासात आर्यिका माताजींचे विहारानं सुजलेले पाय चेपताना आपल्याला कधी कमीपणा वाटला आहे का? नाही. मग पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या बाईला आपण मागच्या दारानं का घेतो, हा प्रश्न मला पुढचं वाचताना सारखा पडत राहिला.

नाव मिळवलेला एक चोळणारा मात्र आपल्या देशातला आहे. दीन महोमेद, जन्म १७५९, पाटणा. कंपनीच्या फौजेबरोबर वाढला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, तिथल्या जेन डेली हिच्याशी लग्न केलं. १८१० साली लंडनमध्ये त्याने हिंदुस्थानी पद्धतीची खाणावळ उघडली. ती बुडाली. मग तो ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी आला आणि औषधी वाफेचं स्नान व चंपी सुरू केली. इंग्रजीत आज जो शॅम्पू म्हणतात तो शब्द आपल्या चांपण्यावरूनच तिकडे गेला, आणि तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडणं असाच होता. केसांशी त्याचं नातं नंतर जुळलं. संधिवात, कंबरदुखी, आखडलेले सांधे घेऊन लोक त्याच्याकडे येत. बऱ्या झालेल्यांनी ठेवून दिलेल्या कुबड्या त्याने भिंतीवर टांगल्या होत्या. जाहिरातीची कला त्याला चांगलीच साधली होती म्हणायची! १८२२ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन्ही राजांचा तो ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाला. बायकांच्या स्नानाकडे जेन पाहत असे. पदवी अर्थात नवऱ्याला.

त्यानंतर युरोपात डॉक्टर मंडळी मालीशकडे वळली. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली व्यायामाची संस्था काढली होती. ‘स्वीडिश मसाज’ या नावामागे लोक त्याला पाहतात. पण आज शिकवल्या जाणाऱ्या हातांच्या प्रकारांना, म्हणजे हलकं फिरवणं, मळणं, थोपटणं यांना फ्रेंच नावं देऊन ती रूढ केली अॅमस्टरडॅमच्या डॉक्टर मेझगरने.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये मालीश करणाऱ्या बायकांची संख्या वाढली. परिचारिका, सुइणी, कुठेतरी दोन-चार आठवडे शिकून आलेल्या मुली, सगळ्याच. १८९४ साली तिथल्या डॉक्टरांच्या प्रमुख साप्ताहिकात बोभाटा झाला, की मसाजच्या पाट्या लावून शहरात भलतेच धंदे चालतात. झालं. जी कष्टाने, सचोटीने काम करत होती तिच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. अशा वेळी बाईने काय करायचं असतं हे आपल्याला माहीत आहे. गप्प घरी बसायचं.

चार जणी बसल्या नाहीत. रोझलिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर. परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलेल्या या बायकांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. नियम कडक होते. डॉक्टरने सांगितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. पुरुषांचं मालीश सर्वसाधारणपणे घ्यायचं नाही, अपवाद डॉक्टरने खास सांगितलं तरच. वैद्यकीय नियतकालिकं सोडून जाहिरात द्यायची नाही. रोग्याला औषध विकायचं नाही. आणि सभासद व्हायचं तर शरीरशास्त्राची परीक्षा द्यायची. आज वाचताना यांतले काही नियम जाचक वाटतात. डॉक्टर म्हणजे बहुतेक पुरुषच, त्यामुळे स्वतःच्या हातातल्या कामाची किल्ली त्यांनी दुसऱ्याच्या कमरेला लटकवली असंही कुणी म्हणेल. पण चारित्र्यावर शिंतोडे उडालेले असताना त्यांनी ओरडण्याऐवजी अभ्यासक्रम काढला, हे मला फार मोठं वाटतं. पॅजेटबाई पुढे सुइणींचा कायदा व्हावा म्हणूनही झटल्या, तो १९०२ मध्ये झाला. बाळंतपण आणि मालीश ही दोन्ही कामं एकाच बाईच्या हातात असणं आपल्याला काही नवीन नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. जखमी सैनिकांसाठी मालीश पथक उभं राहिलं, सुरुवातीला पन्नास जणींचं. पुढे ती संख्या हजारांवर गेली. पुरुषांना हात न लावण्याचा नियम तोफांच्या धुरात कुठे गेला कळलं नाही. १९२० साली संस्थेला राजाची सनद मिळाली. १९४४ मध्ये तिने आपल्या नावातला मालीश हा शब्दच काढून टाकला आणि फिजिओथेरपी शब्द घेतला. आपल्याकडे १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा ते याच नव्या नावानं आलं. म्हणून तर ‘फिजिओ’कडे जाताना आपण अपॉइंटमेंट घेतो आणि मालीशवाल्या मावशींना हाक मारतो.

शब्द जाण्याला आणखी एक कारण होतं. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली की पायात कळ जाते, आणि शस्त्रक्रियेने ती सुटते. शोध खराच होता. पण नंतर प्रत्येक दुखरी कंबर गादीच्या नावावर जमा होऊ लागली. आजही एमआरआयचा कागद हातात घेऊन रडणाऱ्या बायका मी पाहते. त्यांना सांगते, की काहीच दुखत नसलेल्या लोकांचे फोटो तपासले तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली होती. केस पिकतात तशी गादीही झिजते. त्याच काळात कंबर धरली की फळीवर पडून राहा असा सल्ला सर्रास मिळायचा. १९९५ मध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला, त्यात पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तेवढं रोजचं काम करत राहिलेले लवकर बरे झाले.

आणि मालीश? ते खरंच उपयोगी आहे का, हे पाहायला अमेरिकेत सिएटल भागात ४०१ जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना घेतलं. काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा मालीश दिलं. त्यातही दोन प्रकार, एक नुसतं अंग सैल करणारं, दुसरं नेमके स्नायू शोधून दाबणारं. २०११ मध्ये निकाल आला. मालीश घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला आराम पडला, दोन्ही प्रकारांत फारसा फरक नव्हता, आणि वर्षभरानंतर फायदा ओसरला होता. २०१५ साली अशा २५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही थोड्या काळाचा आराम एवढंच निघालं, आणि पुरावा कच्चा आहे असंही म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सुचवलेल्या उपायांत व्यायामाबरोबर मालीश आहे. कंबरेचा पट्टा रोजचा उपाय म्हणून त्यांनी नको म्हटलाय. त्यामुळे ‘गाठी विरघळवून देते’, ‘मणका जागेवर बसवते’ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. चोळल्यावर बरं वाटण्याचं एक कारण १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं होतं, की स्पर्शाची जाणीव वेदनेच्या वाटेवरचं दार थोडं लोटून घेते. तेवढ्या वेळात अंग सैल होतं, झोप लागते, सकाळी उठून चालायला धीर येतो. मला हे पुरेसं वाटतं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. पायातली शक्ती जात असेल, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, ताप असेल, आधी कर्करोग झालेला असेल किंवा म्हातारपणी पडून कंबर दुखायला लागली असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. गरोदरपणी विचारल्याशिवाय नको.

तेलाचं बऱ्याच जणी विचारतात. सगळीकडे लसूण घालून तेल कढवायला सांगतात. आमच्या घरात लसूण येत नाही, म्हणून ओवा घालून तिळाचं तेल कढवतो. तेल कोमट, हात त्याहून कोमट, एवढं पुरतं. आपल्यातल्याच उग्रादित्याचार्यांनी राष्ट्रकूटांच्या काळात मध, मद्य आणि मांस वगळून कल्याणकारक हा अख्खा वैद्यकग्रंथ रचला होता. १९४० साली तो सोलापूरहून छापून निघाला. तेव्हा अमुक एका वस्तूवाचून अडतं असं मानायचं कारण नाही.

आमच्या गल्लीत ज्या मावशी येतात त्यांनी आत्याकडून हे काम शिकलं. बाळंतिणी, म्हाताऱ्या, कंबर धरलेल्या, सकाळपासून पाच-सहा घरं. जमिनीवर वाकून, उकिडवं बसून. मी विचारलं, “मावशी, तुमची कंबर कोण चोळतं?” त्या म्हणाल्या, “लेक हाय की. आयतवारी दाबती.” त्या दिवसापासून आम्ही त्यांच्यासाठी उंच लाकडी दिवाण काढून ठेवतो, म्हणजे त्यांना उभ्याने काम करता येतं. पहिले दोन दिवस त्या संकोचल्या. आता दुसऱ्या घरांतही मागतात.

तुमच्याकडे या कामाला येणाऱ्या बायकांना काय म्हणतात, कुठलं तेल वापरतात आणि त्यांनी हे कुणाकडून शिकलं, ते विचारून मला जरूर कळवा. नावासकट लिहिलंत तर, त्यांना विचारून, मी वहीत उतरवून ठेवीन.