वेम्बलीचा वारसा : साम्राज्य-प्रदर्शनापासून महाराष्ट्र मंडळापर्यंत

वायव्य लंडनमधील वेम्बलीची जगभरची ओळख फुटबॉलच्या मैदानामुळे आहे. मात्र ते मैदान ज्यासाठी उभारले गेले, त्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाचा इतिहास भारताशी, आणि विशेषतः मुंबईशी, जोडलेला आहे.

प्रदर्शन (१९२४-२५)
राजे पंचम जॉर्ज यांनी २३ एप्रिल १९२४ रोजी प्रदर्शनाचे उद्घाटन केले. त्यांचे भाषण बीबीसीने रेडिओवरून प्रसारित केले. ब्रिटिश राजाचे हे पहिलेच प्रसारण होते. सुमारे २१६ एकरांवर पसरलेल्या या प्रदर्शनाला दोन हंगामांत मिळून जवळपास २ कोटी ७० लाख प्रेक्षक आले. वसाहतींची संपत्ती आणि कारागिरी दाखवून साम्राज्याचा व्यापार वाढवणे हा त्याचा हेतू होता. मुघल वास्तुशैलीतील शुभ्र भारतीय दालन हे मोठे आकर्षण होते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सजवलेली ‘इंडियन रूम’ येथेच मांडण्यात आली होती. मुंबईच्या तरुण चित्रकारांचे काम लंडनच्या प्रेक्षकांसमोर आले खरे, पण ते साम्राज्याच्या वैभवाचा एक भाग म्हणून.

काय उरले, काय गेले
प्रदर्शनाच्या बहुतेक इमारती तात्पुरत्या होत्या. त्यातून टिकलेल्या उद्योग-भवनाचा शेवटचा भाग २०१३ साली पाडला गेला. त्याच्या भिंतीवरील काँक्रीटचे सिंहमुख मात्र जतन करण्यात आले. १९२३ साली खुले झालेले जुने मैदान संरक्षित वास्तूंच्या यादीत होते, तरीही त्याचे प्रसिद्ध जोडमनोरे २००३ साली जमीनदोस्त झाले. २००७ साली खुल्या झालेल्या नव्या मैदानाची कमान १३३ मीटर उंच आहे. शेजारचे १९३४ सालचे ‘एम्पायर पूल’, म्हणजे आजचे वेम्बली अरीना, संरक्षित वास्तू म्हणून उभे आहे.

१९४८ चे ऑलिम्पिक
जुन्या मैदानाचे स्मरण भारतीयांना वेगळ्या कारणाने ठेवावे लागते. १२ ऑगस्ट १९४८ रोजी येथे झालेल्या हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने ब्रिटनचा ४-० असा पराभव केला आणि स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले. साम्राज्याचा सोहळा जिथे झाला, तिथेच चोवीस वर्षांनी तिरंगा उंचावला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच ऑलिम्पिकमध्ये उतरले होते. त्यांच्या कुस्त्या मात्र अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये झाल्या.

परिसरातील इतर स्थळे
वेम्बली पार्कहून ज्युबिली मार्गाने पुढे गेल्यावर नीस्डन, डॉलिस हिल आणि विल्स्डेन ग्रीन ही स्थानके लागतात. नीस्डनचे स्वामीनारायण मंदिर १९९५ साली उभे राहिले. डॉलिस हिल लेनवरील महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ साली स्थापन झाले. तेथे गणेशोत्सवापासून मराठी नाटकांपर्यंत अनेक कार्यक्रम होतात. विल्स्डेन ग्रीन वाचनालयात ब्रेंट बरोचे विनामूल्य संग्रहालय व अभिलेखागार असून, साम्राज्य प्रदर्शनाशी संबंधित वस्तू आणि कागदपत्रे तेथे आहेत. दुसऱ्या बाजूला, वेम्बलीच्याच ईलिंग रोडवरील कोरीव दगडी सनातन हिंदू मंदिर २०१० साली खुले झाले.

वेम्बलीत पाहण्यासारखे जितके आहे, तितकेच आठवण्यासारखे आहे. ‘इंडियन रूम’ मांडली गेली ते दालन आता नाही. म्हणून सामन्यासाठी वा खरेदीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबाने एखादी दुपार विल्स्डेन ग्रीनच्या संग्रहालयासाठी राखून ठेवावी. इमारती पडल्या, तरी कागद वाचणारे असतील तोवर त्यांचा इतिहास पुसला जात नाही.