न पडलेल्या बर्फाचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही बर्फावर घसरायला कधी लागलात?" तर आधीच सांगून टाकतो, आम्ही घसरलो नाही. सत्तरी ओलांडल्यावर माणूस घसरतो तो न्हाणीघरात, आणि तेही शक्यतो टाळावं. पण गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता अमेरिकेत मुलीकडे होतो, आणि नऊ वर्षांच्या नातीबरोबर कनेक्टिकट राज्यातल्या मोहॉक नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी एक अख्खा दिवस काढला. हंगाम नुकताच सुरू झाला होता. आजचा विषय त्या दिवसातून निघाला.

ठिकाण लहान आहे. स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आल्प्स येतात, नाहीतर गुलमर्ग. इथे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची जेमतेम दोनशे मीटर. आपला सिंहगड चढणाऱ्याला ती निम्मीसुद्धा वाटायची नाही. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा डोंगर तपकिरी होता. झाडांची पानं गळलेली, गवत वाळलेलं. बर्फाचा मागमूस नाही. फक्त माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक पांढरा पट्टा, कुणी डोंगरावर धोतर वाळत घालावं तसा. आणि त्या वीस-पंचवीस पावलं रुंदीच्या पट्ट्यावर शंभरेक माणसं आनंदाने खाली येत होती.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बाकीचा बर्फ कुठे गेला?" नात म्हणाली, "आजी, बाकीचा पडलाच नाहीये. हा रात्री बनवलाय."

हे वाक्य तिने, भाजी आणलीये म्हणावं इतक्या सहज उच्चारलं आणि ती शिकवणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिथे मुलांना वेग कमी करायला दोन्ही फळ्यांची टोकं जुळवून 'पिझ्झा' करायला शिकवतात, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखा त्रिकोण. ती पिझ्झा करत राहिली आणि आम्ही 'रात्री बनवलाय' या दोन शब्दांपाशी अडकलो. पाऊस 'पडतो', बर्फ 'पडतो'. आपल्या भाषेत या गोष्टींना कर्ता नसतो. मग त्यांना कर्ता कधी मिळाला? त्याचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान याच डोंगरावर लिहिलं गेलं.

थोडं मागे जाऊ. लाकडी फळ्या पायाला बांधून बर्फावरून चालणं उत्तर युरोपात हजारो वर्षं चालत आलेलं आहे. 'स्की' हा शब्दच मुळात फाडलेल्या लाकडाचा वाचक. ती प्रवासाची, शिकारीची सोय होती. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत तिचा खेळ झाला, तो आल्प्समध्ये गेला आणि अमेरिकेतही. पण या खेळाला दोन अटी होत्या. पहिली, जितकं उतरायचं तितकं आधी स्वतःच्या पायांनी चढायचं. तासभर चढा आणि काही मिनिटांत खाली या. दुसरी, बर्फ पडेपर्यंत थांबायचं.

पहिली अट अमेरिकेत मोडली १९३४च्या जानेवारीत, व्हरमाँट राज्यातल्या वूडस्टॉक इथे. एका शेतकऱ्याच्या कुरणावर फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन लावून एक लांब दोर सतत फिरता ठेवला. दोर धरा आणि वर जा. आमच्या लहानपणी सायकलवाली पोरं चढावर ट्रकची साखळी धरायची, तसंच काहीसं. कष्ट आणि सुख यांचा जुना हिशेब तिथे बदलला. दिवसाला तीन-चार फेऱ्या करणारा माणूस तीस-चाळीस करू लागला. साहजिकच लोक वाढले आणि लहान लहान टेकड्यांवर धंदा उभा राहिला. धंदा म्हटला की कर्ज आलं, कामगार आले, आणि ठरलेल्या तारखेला दार उघडणं आलं. बर्फाला मात्र तारीख ठाऊक नव्हती.

मोहॉकची सुरुवात वॉल्टर शोनेक्ट या उत्साही माणसाने १९४७च्या सुमारास केली. दोनच वर्षांनी, १९४९-५०च्या हिवाळ्यात बर्फाने दगा दिला. तेव्हा शोनेक्टने काय करावं? त्याने कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्या ट्रकने आणवल्या, शेकडो टन, आणि यंत्राने किसून त्यांचा चुरा उतारावर पसरला. मित्रहो, आपला गोळेवाला रंध्यावर जे करतो तेच. फरक इतकाच की याने अख्ख्या डोंगराचा गोळा केला!

इथे आपल्याला एक जुनी गोष्ट आठवायला हवी. याच न्यू इंग्लंड प्रदेशातल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून फ्रेडरिक ट्यूडर हा बोस्टनचा व्यापारी जहाजाने जगभर विकत असे. १८३३ साली त्याचं जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोहोचलं, तेव्हा निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत होता. पुढे आपल्या मुंबईतही तो येऊ लागला आणि त्यासाठी 'आइस हाऊस' बांधलं गेलं. ज्या मुलखाने शंभर वर्षांपूर्वी मुंबईला बर्फ पुरवला, त्याच मुलखातल्या डोंगरवाल्यावर आता लाद्या विकत घ्यायची पाळी आली होती.

लाद्यांचा उपाय महाग होता आणि टिकणारा नव्हता. पण त्याच हिवाळ्यात, त्याच राज्यात, मिलफर्ड गावी आणखी तिघांचा जीव टांगणीला लागला होता. आर्ट हंट, डेव्ह रिची आणि वेन पीयर्स. विमान-उद्योगातून आलेले हे इंजिनियर 'टे' नावाच्या आपल्या छोट्या कंपनीत ॲल्युमिनियमच्या स्की बनवत. बर्फ नाही तर स्की कोण घेणार? १९५०च्या मार्चमध्ये त्यांनी रंग फवारायच्या यंत्राचं तोंड, बागेला पाणी घालायचा पाइप आणि हवा दाबणारा कॉम्प्रेसर एकत्र जोडला आणि थंडीच्या रात्री हवेत पाणी उडवलं. खाली पडला तो बर्फ. पुढे मोहॉकच्या उतारावर ही यंत्रं लागली, आणि १९५४ साली पीयर्सच्या नावे पेटंट मिळालं.

यात जादू नाही. आपला पाण्याचा माठ जे करतो तेच इथे होतं. माठातून पाणी झिरपतं, थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. हवेत उडवलेल्या बारीक थेंबाचंही तसंच. हवा कोरडी असेल तर तो लवकर थंड होतो, दमट असेल तर नाही. माठ पुण्यात गार होतो आणि कोकणात रुसतो तो याच कारणाने. म्हणून बर्फ बनवणारे नुसतं तापमान पाहत नाहीत, हवेतला ओलावाही धरतात. दाबलेली हवा सुटताना प्रसरण पावून आणखी थंड होते, काही सूक्ष्म थेंब आधी गोठतात आणि बाकीच्यांना बी पुरवतात. काही सेकंदांत थेंब बाहेरून आत गोठत जमिनीवर येतो. मात्र ढगातल्या हिमकणाला सहा पाकळ्या फुटायला वेळ मिळतो, तो या थेंबाला मिळत नाही. म्हणून बनवलेला बर्फ भिंगाखाली साबुदाण्यासारखा गोल दिसतो, पाकळ्यांचा दिसत नाही. तो जड असतो, घट्ट बसतो आणि उन्हात जास्त टिकतो.

गंमत अशी की हा शोध आधीच लागला होता, पण कुणाला नको होता. १९४०च्या दशकात कॅनडातले संशोधक विमानाच्या इंजिनावर बर्फ कसा साचतो ते तपासायला थंड हवेच्या झोतात पाणी फवारत. त्यातून बर्फ व्हायचा आणि त्यांना तो फावड्याने उपसून टाकावा लागायचा. एकाची कटकट ती दुसऱ्याची भाकरी. गरज असल्याशिवाय डोळ्यांपुढची वस्तूसुद्धा शोध ठरत नाही, हे इतिहासाने इथे छान दाखवून दिलं आहे.

आता आमच्या मूळच्या व्यवसायातला प्रश्न. हा बर्फ खरा की खोटा? ॲरिस्टॉटलने निसर्गाने झालेल्या आणि माणसाने केलेल्या वस्तूंत फरक केला आणि एक जुना दाखला दिला: खाट जमिनीत पुरली आणि तिला कोंब फुटला, तर लाकूड येईल, खाट येणार नाही. या कसोटीवर आमचा पांढरा पट्टा लावून पाहा. तो वितळला की पाणी होतं आणि इतर पाण्यासारखंच ओढ्याला मिळतं. पाण्याचं गोठणं माणसाने निर्माण केलेलं नाही. माणसाने ठरवली ती जागा आणि वेळ. म्हणजे बनवला आहे तो हंगाम.

आणि एकदा हंगाम बनवता येऊ लागला की तो बनवावाच लागतो. १९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम बर्फ वापरला गेला. २०२२मध्ये बीजिंगला जवळजवळ सगळाच तसा होता. आजवर न्यू इंग्लंडमधली सहाशेहून अधिक लहान-मोठी स्की-ठिकाणं बंद पडली. कारणं अनेक. विम्याचे हप्ते वाढले, चांगले रस्ते होऊन लोक मोठ्या डोंगरांकडे गेले, हिवाळे सौम्य होत गेले. पण एक कारण हेही की ज्याच्याकडे पंप, पाइप आणि तळं नाही, त्याच्याकडे नाताळात कोण येणार? एका लहान डोंगराने जगण्यासाठी काढलेली युक्ती पुढे जगण्याची किंमत होऊन बसली. आपल्याकडे एकाने बोअर घेतली की शेजाऱ्याला तिच्याहून खोल घ्यावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको.

दुपारी लिफ्टपाशी उभ्या असलेल्या एका वयस्क कर्मचाऱ्याशी आम्ही बोलत होतो. तो म्हणाला, आठवड्यात तीनच रात्री पुरेशी थंडी मिळाली, तिन्ही रात्री यंत्रं पहाटेपर्यंत चालवली, त्यातून एवढा एक पट्टा झाला. आता पुन्हा आकाशाकडे बघायचं. आम्ही विचारलं, "यंत्रं असूनही?" तो हसला. "यंत्रं आहेत, थंडी कुठे आहे?"

हे वाक्य आम्ही मराठवाड्यात ऐकलेलं आहे, फक्त थंडीच्या जागी ढग होता. आणि हा संबंध निव्वळ कवीकल्पना नाही. मोहॉकच्या उत्तरेला, मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट ग्रेलॉक आहे. १९४६च्या नोव्हेंबरात व्हिन्सेंट शेफरने विमानातून त्या परिसरातल्या ढगावर कोरडा बर्फ टाकला आणि ढगातून हिम खाली येताना दिसलं. त्याच सुमारास त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनगट याने सिल्व्हर आयोडाइडचा गुण ओळखला. थेंबाला गोठायला बी लागतं, हे तत्त्व तेच. त्या प्रयोगांची परंपरा आपल्या दारापर्यंत आली. २००३मध्ये महाराष्ट्रात आणि २०१५मध्ये औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली ती याच विद्येच्या आधारे. तेव्हा शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा एकच सांगत होते: आम्ही ढगाला बी देऊ शकतो, ढग देऊ शकत नाही.

तेव्हा आम्हाला असं वाटतं की माणसाने चढण्याचे कष्ट खरोखर वाचवले, पण वाट पाहणं काही वाचवता आलं नाही. बर्फाची वाट पाहणारा आता थंडीची वाट पाहतो, पावसाची वाट पाहणारा ढगाची. आणि ज्याच्याजवळ यंत्र नाही, त्याला तेवढंही थांबण्याची सवड नसते. तो आधीच बाजूला पडलेला असतो. युक्तीचा इतिहास लिहिताना हा बाजूला पडलेला माणूस मोजायचा राहतो. तो मोजला पाहिजे, एवढं आमचं म्हणणं.

संध्याकाळी चारच्या सुमारास अंधारायला लागलं. नात धापा टाकत आली, गाल लाल. म्हणाली, "आजोबा, मी शेवटच्या वेळी पिझ्झा न करता आले!" सौभाग्यवतींनी तिला घट्ट शाल गुंडाळली. गाडी निघाली तेव्हा मागे डोंगरावर यंत्रांचे फवारे सुरू झालेले दिसले. म्हणजे त्या रात्री थंडी आली होती.

इतकंच.